डावा हात वर केला की मशीन बंद

आमच्या दवाखान्यात किस्से कसे साठतात, तर बाकाखाली राहिलेल्या चपलांसारखे. मूल जाताना इतक्या घाईत असतं की एक चप्पल हमखास मागे राहते, आणि तिच्यासाठी कोणी परत येत नाही. चपला मी कपाटात ठेवते. किस्से ठेवायला जागा नव्हती, म्हणून इथे मांडतेय.

दवाखाना पुण्याजवळ पौडला, एस.टी. स्टँडपासून जवळ. फक्त लहान मुलांच्या दातांचा. मी जालन्याची. लग्न होऊन इकडे आले, नवरा हिंजवडीला नोकरीला, भाड्याच्या दोन खोल्या आणि दिवसभर मी एकटी. म्हणून कामाला लागले.

मुलाखतीला डॉक्टर मॅडमनी मला सरळ पेशंटच्या खुर्चीत झोपवलं. "इथे एकच नियम आहे. डावा हात वर केला की मशीन बंद. ह्या खोलीत हात कुणाचा का असेना, आधी थांबायचं, मग विचारायचं. समजलं? आता मी तुमच्या दातांवर गार हवा मारते. नको वाटलं की हात करा."

हवा मारली. डोळ्यांतून पाणी आलं. दाढेतून कळ थेट कानात गेली. मी आपली पडून!

शेवटी त्यांनीच मशीन बंद केलं. "अहो, हात का नाही केला?"

"मला वाटलं, तुमचं झालं की थांबालच."

मॅडम माझ्या हातावरच्या मेंदीकडे बघून म्हणाल्या, "नवीन लग्न झालंय वाटतं! या उद्यापासून."

*

माझं काम नाव नोंदवण्याचं आणि 'क्वालिटी' बघण्याचं. हा शब्द मॅडमचा. म्हणजे निर्जंतुक केलेल्या हत्यारांची पाकिटं पालकांसमोर फोडली का, हातमोजे बदलले का, आणि मुख्य म्हणजे मूल आत जाताना कसं होतं नि बाहेर येताना कसं आहे. "तुम्ही बोलत नाही, म्हणून तुम्हाला दिसतं," असं त्या म्हणतात. हे कौतुक आहे की काय, ते मी अजून विचारलेलं नाही.

*

पहिल्याच आठवड्यात माले गावाहून आबा आले. धोतर, बंडी, पांढऱ्या मिशा, आणि पैलवानकीच्या दिवसांतले मोडलेले कान. खांद्यावर नात. ओवी, पहिलीतली. ओठ असे मिटलेले की जणू शिवलेत.

"म्याडम, दाढ किडलीया. रातभर रडतीया पोरगी. म्या हिला धरतो, तुमी बिनघोर उपटा. लई पैलवान धरल्यात म्या!"

"आबा, धरायचं नाही. आणि उपटायचीही नाही, वाचवायची आहे."

"दुधाची तर हाय! पडायचीच की."

"पडेल चार वर्षांनी. तोवर हिने भाकरी कशाने चावायची? आणि आज धरून केलं, तर ही पोरगी म्हातारी होईपर्यंत दाताच्या डॉक्टरकडे पाऊल टाकणार नाही."

आबांनी ओवीकडे पाहिलं. ओवीने छताकडे.

त्या दिवशी तोंड उघडलं नाही. मॅडमनी दुखायचं थांबवणारं औषध दिलं आणि परत बोलावलं. आबा जाताना मला म्हणाले, "पोरी, तुजी डाक्टरीण जरा मऊ हाय."

*

डाव्या हाताच्या नियमाचा खरा उपयोग केला तो रिहे गावच्या एका पोराने. खुर्चीत बसला आणि हात वर. मशीन बंद. हात खाली, मशीन चालू. हात वर, बंद! दात राहिला बाजूला, साहेब ट्रॅक्टरचा क्लच तपासावा तसे मॅडमना तपासत होते. मॅडम प्रत्येक वेळी थांबल्या. खात्री पटल्यावर त्याने मान हलवली, "चालू द्या आता," आणि शेवटपर्यंत हात केला नाही.

पुढच्या वेळी त्याचे वडील तक्रार घेऊन आले. "म्याडम, ह्यो घरी बी तेच करतुया. म्या वरडाय लागलो की हात वर!"

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? थांबाय लागतंय न्हवं!"

*

हे मी घरी सांगितलं, तर मी तिसऱ्यांदा कारल्याची भाजी वाढताना आमच्या ह्यांनी डावा हात वर केला.

वाढप बंद. नियम म्हणजे नियम.

*

मुलांना इथे कसं वाटलं हे कळावं म्हणून मॅडमनी दाराशी एक डबा ठेवला. बाजूला परातीत बाटल्यांची झाकणं. बरं वाटलं तर हिरवं टाकायचं, नाही वाटलं तर लाल.

संध्याकाळी डबा उघडला. सगळी लाल! हिरवं औषधाला नाही.

मॅडमचा चेहरा उतरला. चहा तसाच गार झाला. "मुलं हसत गेली असं वाटलं होतं मला. माझंच काहीतरी चुकतंय."

दुसऱ्या दिवशी मी दाराशीच उभी राहिले. एक मुलगी उड्या मारत बाहेर आली, हिरवं झाकण उचललं, त्याला फुंकर मारली आणि फ्रॉकच्या खिशात टाकलं. तिच्या मागच्या पोरानेही तेच केलं. ज्याला आवडलं, तो हिरवं घरी नेत होता. ज्याला नाही आवडलं, तोच प्रामाणिकपणे डब्यात टाकत होता!

मॅडमना सांगितलं. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "मग आता परातीतली हिरवी किती कमी झाली ते बघत जा."

*

पाकीट समोर फोडायचं, हे मुलं मोठ्यांपेक्षा मनावर घेतात. एका आईने सांगितलं, "मॅडम, स्टँडवर वडापाव घ्यायला गेलो, तर हा वडेवाल्याला म्हणतो, काका, चिमटा आधी पाकिटातून काढून दाखवा!"

"मग?"

"मग काय, वडेवाला म्हणाला, दवाखान्यातून आलास व्हय रं?"

*

आबा दुसऱ्यांदा आले ते वैतागून. औषध संपलं की ओवीची दाढ ठणकायची. "आज तोंड उघडलं तर ठीक, न्हाईतर दुसरीकडं नेतो. तितं धरून काढत्यात म्हणं."

मॅडमनी खुर्चीकडे बोट केलं. "ठीक आहे. आधी तुम्ही झोपा खुर्चीत. ओवीला दाखवू काय करतो ते."

आबा ऐटीत बसले. मॅडमनी बटण दाबलं. खुर्ची हळूहळू मागे जायला लागली आणि आबांनी दोन्ही दांडे गच्च पकडले.

"आवं, आवं! ही मागं पडतीया!"

"पडत नाही आबा, झोपतेय."

"म्याडम, उभ्या तालुक्यात कुणी माजी पाठ लावली न्हाई! आन तुमी बटनावर चितपट केलं?"

ओवी खदखदून हसली. तोंड चांगलं उघडं टाकून. मॅडमनी लांबूनच आरसा न लावता दाढ पाहून घेतली आणि हळूच मला म्हणाल्या, "दाढ वाचणार बघा."

ओवी आपणहून म्हणाली, "शनिवारी म्या बसते."

*

शनिवारी ओवी बसली. आबा पायथ्याशी उभे. मॅडमनी सगळं आधी दाखवलं, दाढ झोपवायचं औषध दिलं, डावा हात पोटावर ठेवायला सांगितला. मशीन चालू झालं.

आणि लगेच बंद झालं.

मी ओवीचा हात पाहिला. पोटावरच होता. मग वर पाहिलं. आबांचा डावा हात थेट छताकडे! डोळे घट्ट मिटलेले.

"काय झालं आबा?"

"काय न्हाई. वाईच थांबा."

थांबलो. मी त्यांना पाणी दिलं. मशीन चालू. पुन्हा हात वर! मशीन बंद. मॅडमनी पुन्हा वाट पाहिली.

आता ओवी उठून बसली. सुन्न पडलेल्या गालातून जमेल तसं म्हणाली, "आबा, तू भाईर बस. माजं व्हऊ दे!"

आबा मुकाट बाहेर आले आणि माझ्या टेबलाजवळ बाकावर बसले. आतून मशीनचा आवाज आला, की डावा हात उजव्या हाताने मांडीवर दाबून धरायचे. मी आपली नावं नोंदवत राहिले.

दार उघडलं. दाढेवर चकचकीत टोपी बसवून ओवी बाहेर आली. आधी मला दाखवली, मग आबांना, मग बाकावरच्या सगळ्यांना. परातीतून एक हिरवं झाकण उचललं आणि ठण्णकन डब्यात टाकलं.

आबा उठले. दारापर्यंत गेले, परत आले. आपल्याकडे कोणी बघत नाही ना, अशा नजरेने इकडेतिकडे पाहिलं. परातीतलं एक हिरवं झाकण निवडलं, धोतराला पुसलं, आणि बंडीच्या खिशात टाकलं.