मामांनी आधी पाहिलेला सिनेमा

चेन्नईत पेरुंगुडीला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे मामा तंजावरकडचे मराठी. सत्तरीतही कठड्याला हात न लावता तीन जिने चढतात आणि प्रत्येक वाक्याला तमिळ 'इल्लैया?' जोडतात, म्हणजे आपलं 'नाही का?'

माझ्या सात वर्षांच्या लेकीला एक भुताचा विनोदी सिनेमा बघायचा होता. वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलेला. पण तिची आई जाऊन वर्षच झालंय. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, म्हणून छापील शब्दावर भरवसा. मिळतील ती परीक्षणं वाचून काढली, तरी तिला न्यावं की नाही ते ठरेना. मामांच्या कानावर घातलं, तर दुसऱ्याच दिवशी ते एकटे सकाळचा खेळ बघून आले.

"पडदा कोण बघतो? मी पोरांकडे बघत होतो. भूत आलं की हसतात, इल्लैया? पण शेवटी भूत झालेली आई पोरीचा निरोप घेते, तिथं सगळी गप्प."

"म्हणजे न्यायला नको?"

"ने की. मी येतो बरोबर."

रविवारी गेलो. लेक खिदळत होती. शेवट जवळ आला तसे मामा उठले आणि लेकीला तमिळ लाडाची हाक मारली. "कण्णा, हात धर गं. अंधारात पायऱ्या दिसत नाहीत मला." ती मोठ्या जबाबदारीने त्यांना बाहेर घेऊन गेली.

तो निरोप मी एकट्याने पाहिला. दोघं पॉपकॉर्न घेऊन परतली तेव्हा दिवे लागले होते.

"बाबा, संपला?"

मामांनी गुपचूप माझ्याकडे रुमाल सरकवला, आणि जिना आला तसा आठवणीने पुन्हा तिचा हात धरला.