मामांनी बसवलेले पोलादी आटे

जगातली निम्मी भांडणं चुकीचा स्क्रू चुकीच्या धातूत पिळल्यामुळे होतात, असं आमच्या थोरल्या मामांचं ठाम मत आहे. उरलेली निम्मी तो आणखी पिळल्यामुळे. भवानीनगरला साखर कारखान्याच्या वर्कशॉपात सारी नोकरी काढून ते पिंपळीला परतले ते धातू कातायचा एक जुना लेथ घेऊनच, आणि तेव्हापासून आमच्या नातलगांत कुणाची वस्तू सुखानं नांदलेली नाही. सदऱ्याच्या खिशात कायम लोहचुंबक. लग्नाच्या पंगतीत आधी ते ताटाला लावून धातू पारखणार, मग वरणभात. कऱ्हाटीच्या व्याह्यांनी पाइपाला नवी पितळी तोटी बसवली आणि कौतुकानं दाखवायला नेलं, तर मामा म्हणाले, "तात्या, लोखंडाला पितळ जोडलंय व्हय? तोटी मजेत राहील, पाइप मातर सडंल." तात्या वर्षभर बोलले नाहीत. पाइप सडल्यावर बोलले.

माझी मुलगी बारामतीला एअर रायफलची नेमबाजी शिकायची. दुर्बीण लावून नेम धरायच्या स्पर्धेची निवड चाचणी आठवड्यावर आली आणि तिचे छर्रे भरकटायला लागले. सर म्हणाले, श्वास चुकतोय. पोरगी जेवेना. शेवटी मी तिला रायफलीसकट मामांपुढं उभं केलं. मामांनी जन्मात रायफल धरलेली नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "सकाळी लागतंय, अन् दुपारी न्हाय?"

"हो आबा! तुम्हाला कसं कळलं?"

मामांनी दुर्बीण धरणारी कडी उघडली, भिंगातून बघितली. "कडी ॲल्युमिनियमची, स्क्रू पोलादी. घडीघडी आवळून त्यानं कडीचे आटे खाल्लेत. वरनं घट्ट दिसतंय, तापलं की सरकतंय. तुझा श्वास बरूबर हाय, सांग सरांना."

ती तिथंच ढसाढसा रडली. मामांचे हात एरवी चहाचा कपसुद्धा सांडतात. लेथवर मात्र ते दगडासारखे स्थिर. दोन दिवस बसून त्यांनी हरभऱ्याएवढ्या पोलादी नळ्या कातल्या, त्यांना आतून आटे पाडले आणि कडीच्या भोकांत पक्क्या बसवल्या. "हलकेपणाला ॲल्युमिनियम, पकडीला पोलाद," ते म्हणाले, "ज्यानं त्यानं आपलं काम करावं."

चाचणी भर दुपारी, छताचे पत्रे तापलेले. मामाही टोपी घालून आमच्याबरोबर आलेले. पोरगी पहिली आली. रायफल तपासणाऱ्या साहेबांनी कडी निरखून विचारलं, "कुठल्या कंपनीची?"

"पिंपळीची," ती ताठ मानेनं म्हणाली.

"कंपनी कसली! एक लेथ हाय, अन् एक म्हातारा," मामा पुटपुटले आणि टोपी सारखी करायच्या निमित्तानं डोळे पुसून घेतले. मला तेव्हा वाटलं, सगळ्या जिल्ह्याला ओरडून सांगावं, हे माझे मामा आहेत.

आता ती पुण्याला सरावाच्या वसतिगृहात असते. दर रविवारी मामा फोन करतात. "स्क्रू ढिला न्हाय ना झाला?"

"नाही आबा, अगदी घट्ट आहे."

मामा खूश होतात. मग फोन ठेवून बंद लेथ पुसत बसतात. ढिला झाला असता, तर निदान दुरुस्तीला तरी ती पिंपळीला आली असती.