सोनोग्राफीची खिडकी

मी राग विसरत नाही. आईला हे ठाऊक आहे, म्हणून ती आर्वीहून माझ्याकडे आली की आधी बजावते, कुणाशी भांडू नको.

त्या दिवशी भांडायचंही सुचलं नाही. ओटीपोट दुखतं म्हणून डॉक्टरांनी तिला सोनोग्राफी सांगितली होती. पहाटेच्या एसटीने वर्ध्याला उतरली आणि कुठलीही बाई करेल तेच तिने केलं, दवाखान्यात शिरण्याआधी स्टँडवरच लघवीला जाऊन आली. मी दवाखान्यात पोचले तोवर आतून तिला परत पाठवलं होतं. खिडकीवरचा माणूस सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "पाणी पिऊन, लघवी रोखून यायचं असते. एवढंही समजत नाई काय तुले, म्हातारे?"

हे आधी सांगणं त्याचंच काम होतं. आई मान खाली घालून बाहेर आली. "दुखू दे पोट. मी नाई येत आता." आणि खरंच येईना. दुखणं मात्र वाढत होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची जिरवायचीच, असं ठरवलं. मी राहते त्या सिंदी मेघेहून दवाखाना जवळच. सुट्टी असली की मी खिडकीसमोरच्या बाकावर बसायचे आणि येईल त्याला सांगायचे, ओटीपोटाची सोनोग्राफी असेल तर पाणी प्या, उपाशीपोटीची साखर तपासायची असेल तर चहासुद्धा नको. लोक मलाच विचारू लागले. त्याच्यापुढे कुणी थांबेना. मी खूश.

मग एकदा चहाचा घोट घेत तो एका बाईला म्हणाला, "त्या मॅडमले विचारा." म्हणजे इतके दिवस मी फुकटात त्याचीच नोकरी करत होते. घरी जाईपर्यंत मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

पुढच्या खेपेला आईला हातापाया पडून आणलं. घरूनच भरपूर पाणी पाजलं, सगळं समजावलं. तरी तिला खिडकीशी उभी केली. "यालेच विचार. सांगतपर्यंत हलू नको."

"सोनोग्राफीले काय करून यायचं असते, बाबू?" आईने विचारलं.

"त्या मॅडम सांगतात."

"तूच सांग."

मागे रांग वाढली. कुणी तिला बाजूला हो म्हटलं नाही. शेवटी खाली बघत तो पुटपुटला, पाणी पिऊन यायचं, लघवी रोखायची.

"जोरानं सांग," आई म्हणाली. "त्या दिवशी सगळ्याइले ऐकू गेलतं."

त्याने जोराने सांगितलं. मग आई आत गेली.