बंडप्पाच्या भाकरीची राख

विरुपाक्ष मास्तर आमच्या अणदूरला शास्त्र शिकवायचे आणि घरी बाटल्यांत स्फटिक वाढवायचे. हैदराबादेत शिकताना लागलेलं वेड. मॉलिब्डेनमच्या अणूंचा पिंजरा, आत फॉस्फरस, की रंग पिवळा. पिंजऱ्यातला एखादा मॉलिब्डेनम काढून तिथं व्हॅनेडियम बसवला की तोच केशरी. त्यांची बायको जगदेवी म्हणायची, "यापरीस शेळी पाळली असती तर दूध तरी मिळालं असतं."

१९५९ साली बंडप्पाचे दोन्ही बैल एकाएकी मेले. हाडं-कातडी विकत घेणारा महेबूब आदल्या दिवशी त्या गोठ्यावरून गेला होता. तेवढं गावाला पुरलं. कातड्यासाठी त्यानंच सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, चारला म्हणून लोकांनी त्याला चावडीपुढच्या लिंबाला बांधला, आणि बंडप्पा बैलाच्या पोटातला चोथा घेऊन मास्तरांच्या दारात आला.

"मास्तर, सोमल हाय का न्हाय, तुमीच सांगा."

गावानं मास्तरांना आजवर काही विचारलं नव्हतं. ते हुरळले. चोथ्यावर तेजाब घातलं, मॉलिब्डेटचं पाणी ओतून नळी उकळली. तळाशी पिवळाधमक साका बसला.

"सोमल," मास्तर म्हणाले.

सोमलानं पिवळं होतं, हे खरं. पण फॉस्फरसनंही होतं, आणि तो तर दाण्यादाण्यात असतो. ज्या पिवळ्यापायी जन्म घालवला, त्यात त्या दिवशी त्यांना लोकांना हवं तेच दिसलं. नळी धुताना ते उमगलं आणि नळी-बाटल्या झोळीत टाकून मास्तर अनवाणी धावले.

तोवर कुऱ्हाडीच्या दांड्यांनी महेबूबचे हात मोडले होते. त्याची बायको बेगमबी आडवी पडली, तर तिला झिंज्या धरून फरफटलं. "माझं चुकलं, थांबा," म्हणत मास्तर मध्ये घुसले. एक दांडा त्यांच्या तोंडावर बसला, दोन दात पडले.

"आता का फिरता? तुमीच म्हणलाव नव्हं?" बंडप्पा म्हणाला.

मास्तरांनी त्याच्या कमरेच्या धडप्यात बांधलेली भाकरी ओढली आणि शेजारच्या लोहाराच्या भट्टीत टाकली. भाकरीची राख व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ दांडे चालूच होते. ज्यांनी ते चालवले त्यांना मी माणसं म्हणत नाही, मग ते माझे सोयरे का असेनात.

राखेवर तेजाब, वर मॉलिब्डेट. नळी भट्टीच्या धगीवर धरली. पिवळी झाली.

"बंडप्पा, ही तुझ्या घरची भाकरी. हिच्यात कुणी सोमल घातला?"

बंडप्पाच्या हातून दांडा गळाला. बेगमबीनं दोर सोडून महेबूबचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा श्वास थांबला होता.

"मास्तर," ती म्हणाली, "भाकरी आधी जाळायची व्हती."