भिंतीपलीकडचे मुक्त धडे

मी काही किस्से गोळा करत फिरत नाही. आमची कपडे वाळवायची दोरी नेमकी वंदना मॅडमच्या भिंतीला लागून आहे. आता कपडे वाळत घालताना कान काय घरात ठेवून यायचे? दर रविवारी तिच्या अंगणात मास्तर लोक जमतात, आणि सोमवारी मैत्रिणींना सांगायला माझ्याकडे काहीतरी असतंच!

*

वंदना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एकदा मी सरळ विचारलंच, "काय करता गं तुम्ही इथे बसून?"

"धडे बनवतो, काकू. व्हिडिओ, चित्रं, प्रश्न. सगळं इंटरनेटवर टाकतो. कोणत्याही शाळेनं, कॉलेजनं फुकट घ्यावं, शिकवावं, पाहिजे तर बदलावं. मुक्त शैक्षणिक साहित्य म्हणतात याला."

"म्हणजे भाजी मी करायची अन् मीठ कोणीही येऊन घालायचं?"

"अगदी तेच!"

"अन् खारट झाली तर?"

"तर ती त्याची भाजी, काकू. तुमची तुमच्या कढईत शाबूत."

आठवी शिकलेल्या बाईला याहून जास्त काय समजावणार!

*

यांच्यात डॉक्टरीच्या कॉलेजात शिकवणारी नेहा आहे. ती शाळेच्या पोरांसाठी पचनाचा धडा रेकॉर्ड करत होती. "आता अन्न जठरातून पुढे सरकतं..." एवढं म्हणते तोच गल्लीतून भाजीच्या गाडीचा भोंगा आला, "वांगे घ्या, भेदरं घ्याऽऽ!" भेदरं म्हणजे आमच्याकडचे टमाटे.

पुन्हा रेकॉर्डिंग, पुन्हा गाडी. शेवटी कंटाळून तसंच टाकलं. आता दुसऱ्या गावच्या शाळेतून निरोप येतात, "तो भेदऱ्यांचा धडा पाठवा!" पचन कोणी म्हणतच नाही.

*

नाडीच्या धड्यासाठी नेहाला एक हात पाहिजे होता. मी भिंतीवरून माझाच दिला. आता तो हात, बांगड्यांसकट, कुठल्या कुठल्या कॉलेजात दिसतो म्हणे.

आमचे हे म्हणाले, "चेहरा काऊन नाई घेतला हिचा?"

नेहा म्हणाली, "काका, नाडी चेहऱ्यावर नाही दिसत."

"हिची दिसते! माह्या बहिणीचा फोन आला का पाहा हिच्याकडे."

*

आता वानखडे सर. कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. वंदना त्यांचीच विद्यार्थिनी, या मंडळात तिनंच त्यांना आग्रह करून आणलं. माणूस टापटीप! कॅमेऱ्यात फक्त वरचं अंग दिसतं, तरी बूट घालून येतात.

झाडात पाणी वर कसं चढतं, हा त्यांचा धडा. काचेच्या नळीत लाल शाई, त्यात तेरड्याचं रोप. हळूहळू देठ लाल होतो. फार देखणं झालं होतं. शेवटी सरांनी लिहिलं, 'यात बदल करू नये.'

वंदना म्हणाली, "सर, मग हे मुक्त कसं?"

"मुक्तच आहे. फक्त हात लावायचा नाही!"

वंदनानं समजूत घालून ती ओळ काढायला लावली.

*

आणि तिथेच बिनसलं. आष्टीकडच्या एका शाळेनं तो धडा घेतला. त्यांच्याकडे ना नळी, ना शाई, ना तेरडा. पोरांनी शेतातला सांबार आणला. सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. स्टीलचा ग्लास, त्यात जिलेबीत घालतात तो रंग. सरांचा आवाज काढून टाकून पोरं स्वतःच बोलली, अन् तो नवा व्हिडिओ परत पाठवला.

सरांनी तो वंदनाच्या अंगणात पाहिला. मी हातात ओली चादर धरून उभी!

"हे काय आहे? सांबार? अन् याच्यात असा रंग चढतो? उगाच काहीतरी दाखवून राह्यले पोट्टे!"

"सर, करून तर पाहा."

"तू मले शिकवतेस, वंदना?"

सरांनी आपला मोबाइलचा स्टँड उचलला अन् चालते झाले. वंदना फाटकापर्यंत मागे गेली. परत आली तेव्हा पदरानं चष्मा पुसत होती. चष्म्याला काही झालं नव्हतं.

*

त्यानंतर किती रविवार गेले, सर आले नाहीत. फोन उचलेनात. वंदना तरी त्यांची खुर्ची मांडायची. मी एकदा नेहाला म्हटलं, "बस ना तिथे." तर म्हणाली, "नको काकू, ती सरांची आहे." स्टँड नाही म्हणून मोबाइल बिस्किटांच्या डब्यांवर ठेवायचे. एकदा तो पोह्यात पडला. कोणी हसलंसुद्धा नाही!

*

मग एका रविवारी सकाळीच सर माझ्या फाटकात. खांद्यावर पिशवी, पायात बूट.

"वहिनी, सांबार आहे का घरी? मुळासकट?"

"आहे ना. पण तुमच्या घरी नाई का?"

"घरी विचारतात, कशाले पाहिजे."

"मीबी तेच विचारून राह्यली!"

सर खुर्चीत बसले. "रंग चढत नाही त्याच्यात. एकदा पाहून घेतो अन् विषय संपवतो."

मी स्टीलचा ग्लास दिला. रंग त्यांनी खिशातून काढला. मुळांची टोकं कापून जुडी ग्लासात उभी केली अन् समोर बसून राहिले. मी चहा दिला, जेवायला वाढलं. जेवतानाही नजर ग्लासावर. पलीकडे वंदनाच्या अंगणात मंडळी जमल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा देठ नारिंगी झाले होते. पानांच्या कडासुद्धा!

सरांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला.

"वहिनी, काचेचा ग्लास आहे का? स्टीलमधून पाणी दिसत नाही."

मी पाहुण्यांसाठीच्या सेटमधला दिला. सरांनी पिशवीतून स्टँड काढून माझ्या अंगणात उभा केला. भिंतीवर वंदनाचं डोकं दिसलं. सर तिच्याकडे पाहीनात. ती हळूच म्हणाली,

"सर, उजेड मागून येऊन राह्यला. इकडे सरका."

सर सरकले. शर्टाची कॉलर नीट केली. मोबाइल सुरू केला.

"नमस्कार मुलांनो. हा प्रयोग आष्टीकडच्या मुलांचा आहे. मी वानखडे. मी फक्त ग्लास बदलला."