पिवळं केळं: ओके की खराब?

किस्से कसे साठतात ते मला माझ्या मोबाइलने शिकवलं. तो रोज सकाळी सांगतो, जागा भरली, काहीतरी काढून टाका. मी काढायला बसते, एकेक फोटो उघडते, एकटीच हसते, आणि शेवटी गुड मॉर्निंगची दोन फुलं डिलीट करून उठते. ऑफिसच्या गोष्टींचंही तसंच झालंय. कोणती ठेवू, कोणती टाकू, काही समजत नाही. म्हणून जशा वर येतील तशा सांगते.

आमचं ऑफिस बुऱ्हाणपुरात, एका पॉवरलूमच्या कारखान्यावर, पहिल्या मजल्याला. पुण्याची एक कंपनी केळी पारखणारं ॲप बनवत होती. मोबाइल केळ्यासमोर धरला की माल कसा आहे ते त्याने सांगायचं. पण मशीनला आधी कोणीतरी शिकवावं लागतं. फोटो येतात, बघायचे आणि बटण दाबायचं. ते शिकवणारं कोणीतरी म्हणजे आम्ही तिघी.

एक वनिताताई. देडतलाईच्या. माहेरी केळी, सासरी केळी. दुसरी पूजा, इंजिनिअर. खुर्ची बुऱ्हाणपुरात, जीव बेंगळुरूत. आणि तिसरी मी. बी.एस्सी. कम्प्युटर, तीन वर्षांच्या ओवीची आई, आणि काहीही विचारलं तरी उत्तराआधी "बहुतेक" लावणारी. आमच्यावर दिलीपसर, ज्यांचा आधी टायपिंगचा क्लास होता.

स्क्रीनवर चार बटणं. माल चांगला असेल तर ओके. वाईट असेल तर खराब. फोटो हलला असेल, ब्लर असेल, तर स्किप, म्हणजे तो फोटो कायमचा गेला. आणि ठरवता येत नसेल तर सेकंड चेक. तो फोटो पुण्याला जायचा, तिथे कोणीतरी जाणकार माणूस पुन्हा बघायचा.

वनिताताईंचं सेकंड चेकचं बटण नव्यासारखं होतं. माझ्या बटणावरचं नाव पुसायचंच बाकी होतं!

एकदा दिलीपसर म्हणाले, "वहिनी, मुलीचं नावसुद्धा सेकंड चेकला टाकलं होतं का हो?"

सगळे हसले. मी पण हसले. आता त्यांना काय सांगू, पाळण्यात नाव वेगळंच ठेवलं होतं!

*

मी नक्की काय करते, हे सासूबाईंना सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. मशीन, फोटो, शिकवणं. तिसऱ्यांदा सांगताना माझाच गोंधळ झाला. त्या म्हणाल्या, "राहू दे, समजलं मला."

काय समजलं ते तापीच्या राजघाटावर कळलं. तिथे त्यांच्या ओळखीची, नदीपलीकडच्या जैनाबादची एक बाई भेटली. "सून काय करते?"

सासूबाई अगदी अभिमानाने म्हणाल्या, "कंपनीत आहे. दिवसभर केळी बघते."

ती बाई माझ्याकडे बघून मायेने म्हणाली, "मंग आमच्याकडे पाठव ना गं. आमच्या शेतात फुकट बघू दे!"

*

हजेरीला ऑफिसात अंगठ्याचं मशीन आलं. पूजाचा अंगठा लागला, माझा दुसऱ्या खेपेला लागला. वनिताताईंचा लागेचना. लहानपणापासून केळीचा चीक आणि नंतरची भांडी, अंगठ्यावर रेघा राहतील कुठून?

मशीनमधली बाई हिंदीत बोलायची, "कृपया दोबारा प्रयास करें."

ताईंनी अंगठा पुसला, लावला. "कृपया दोबारा प्रयास करें." साडीला घासला, लावला. "कृपया दोबारा प्रयास करें." पदराच्या टोकाने मशीनच पुसलं.

सातव्या वेळी ताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी सकाळपासून तेच करून राहिले ना बाई! आता तू कर!"

आणि खरं सांगते, लागला!

*

खाली पॉवरलूम दिवसभर खटखट करतात. आम्हाला ऐकूच येत नाही आता. पुण्याहून पहिल्यांदा ऑनलाइन मीटिंग झाली, तेव्हा आम्ही तिघी हात बांधून, अंग चोरून बसलो होतो. पलीकडचा माणूस थोडा वेळ ऐकत राहिला.

"वा! तुमच्या टीमचा टायपिंग स्पीड जबरदस्त आहे हो!"

दिलीपसरांनी एकदा आमच्या बांधलेल्या हातांकडे बघितलं.

"थँक यू सर. पूर्वी आपला क्लास होता."

*

शनिवारी मी घरून काम करायची आणि ओवी मांडीवर. तिला वाटायचं हा खेळच आहे. बटण मी दाबायची, ओरडायची ती. "ओके! खराब! स्किप!"

मला आधी कौतुक वाटलं, मग काळजी. एवढ्या लहान पोरीने एवढा स्क्रीन बघावा का? मी त्यावर मोबाइलमध्ये लेख वाचला. मग आठवलं, हाही स्क्रीनच!

मग एका दुपारी सासूबाईंनी कारल्याची भाजी वाढली. ओवीने वाकून बघितलं, बोटाने ताट बाजूला सारलं. "ब्लर आहे. स्किप!"

सासूबाई मला म्हणाल्या, "उद्यापासून हिला ऑफिसात घेऊन जा. घरात मला साहेब नको."

*

मग ते पत्र आलं. आमच्या पुण्याच्या कंपनीला आणखी मोठ्या कंपनीने घेतलं होतं. पत्रात 'इंटिग्रेशन' हा शब्द इतक्या वेळा होता की मी मोजायचं सोडून दिलं. पुढचे सहा महिने आम्ही त्या शब्दातच राहिलो. मेल आयडी तीनदा बदलला, लॉगिन चारदा. कधी सकाळी एका कंपनीत शिरायचं आणि संध्याकाळी दुसरीतून बाहेर पडायचं.

पूजाने समजावलं, "भाभी, सिंपल है. दो कंपनी की प्रोसेस एक हो जाएगी, कल्चर एक हो जाएगा."

मला काही समजलं नाही. मी मान हलवली.

वनिताताई म्हणाल्या, "अगं, म्हणजे लग्न. नाव आपलं बदलायचं, घर त्यांचं, आणि भांडी तीच घासायची."

इतकं सोपं त्या पत्रात कोणीच लिहिलं नव्हतं!

*

मोठ्या कंपनीच्या साहेबांना ॲप दाखवायचा दिवस आला. पुण्यात मोठा हॉल, आम्ही इकडे स्क्रीनसमोर, नवीन साड्या नेसून. साहेबांनी ऐटीत स्वतःच्या डब्यातलं केळं काढलं. पिवळंधम्मक. मोबाइल धरला.

ॲप म्हणालं, "खराब."

साहेबांनी दुसरं धरलं. "खराब." कोणीतरी पळत जाऊन बाजारातून डझनभर आणली. बाराच्या बारा खराब!

साहेबांनी एक सोलून खाल्लं. "मला तर गोड लागतंय."

चूक कुठे होती, ते आम्हाला तेव्हा कळलं. आमच्याकडे केळी हिरवीगार कापतात आणि हिरवीच गाडीत भरतात. गाडी दिल्लीला पोचायच्या आधी घडात एक केळं पिवळं दिसलं की व्यापारी कपाळाला हात लावतो, कारण ते आजूबाजूचीही पिकवतं. पिवळं म्हणजे माल गेला. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, दुधाबरोबरच पोटात गेलं होतं. म्हणून तिघींनी वर्षभर प्रत्येक पिवळ्या केळ्यावर डोळे मिटून 'खराब' दाबलं होतं.

साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे पिवळी केळी खात नाहीत का?"

वनिताताई म्हणाल्या, "खातो ना साहेब. पाठवत नाही!"

पलीकडे कोणी हसलं नाही. आयुष्यात ज्या एकाच गोष्टीबद्दल मला शंका आली नव्हती, ती हीच निघाली!

*

त्यानंतर नवा आदेश आला. तिघींचे एकेक करून ऑनलाइन इंटरव्ह्यू होणार, आणि कोणाला ठेवायचं ते पुण्याच्या एक मॅडम ठरवणार. शिवाय सेकंड चेकची खुर्ची पुण्याहून बुऱ्हाणपुरात येणार होती. एकच खुर्ची.

वनिताताईंचा इंटरव्ह्यू दहा मिनिटांत संपला. मॅडमनी विचारलं, "गरज पडली तर दुसऱ्या गावी जायला तयार आहात?"

"देडतलाईहून इथपर्यंत आले ना मॅडम! अजून किती?"

ताईंना ठेवलं.

पूजाला मॅडमनी विचारलं, "मशीनला तुम्ही काय शिकवलंत?"

पूजा खरं बोलली, "मॅम, गलत शिकवलं. पण इतकं पक्कं शिकवलं की अजून विसरत नाही."

पूजालाही ठेवलं.

राहिले मी. पूजा म्हणाली, "भाभी, इतना मत सोचो." मी तेवढंच सोडून बाकी काहीच करत नव्हते. सेकंड चेकला सगळ्यात जास्त फोटो माझे. म्हणजे जिला ठरवता येत नाही ती बाई कोण, हे मॅडमसमोर आकड्यांत दिसणार! कॉलेजात मला पुण्याला जायचं होतं, नोकरी करायची होती. मग लग्न झालं, ओवी झाली, आणि घराबाहेर माझ्या नावाने मिळालेली ही पहिली खुर्ची. ती गेली तर पुन्हा कोण देणार? आठवडाभर पोळ्या लाटतानाही मी नवा नियम घोकत होते: पिवळं म्हणजे ओके, पिवळं म्हणजे ओके.

*

इंटरव्ह्यू दुपारचा होता. ऑफिसात खटखट, म्हणून मी घरी बसले. सासूबाई ओवीला सांभाळणार होत्या, पण ऐन वेळी ओवी त्यांच्या हातून सुटली आणि येऊन माझ्या मांडीवर बसली. उठवलं असतं तर रडली असती. मी तिला कॅमेऱ्याच्या जरा खाली दाबून धरलं.

मॅडमनी एक फोटो दाखवला. हिरवागार घड, आणि मधेच एक केळं पिवळं.

"काय दाबाल?"

माझं घोकलेलं सगळं पळालं. नव्या नियमाने ओके, आमच्या गावाने खराब. शेवटी तोंडातून निघालं, "मॅडम, माल कुठे जाणार आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे... बहुतेक... इथेच आज खायचा असेल तर ओके. दिल्लीला जायचा असेल तर खराब. हे फोटोत लिहिलेलंच नाही. म्हणून मी सेकंड चेकला टाकेन."

मॅडमनी खाली बघून काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मला वाटलं, संपलं.

मग त्या म्हणाल्या, "शेवटचा प्रश्न. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

मी उत्तर शोधायला स्क्रीनवरच्या माझ्याच चौकोनाकडे बघितलं. नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं आणि माझ्या चेहऱ्याचे चार ठिपके झाले.

तेवढ्यात खालून ओवी वर आली. तिने आधी मॅडमच्या चौकोनावर बोट ठेवलं. "ओके!"

मग माझ्या.

"मम्मी ब्लर आहे. स्किप!"

मी म्यूटचं बटण शोधत होते, सापडत नव्हतं. मॅडम कॅमेऱ्याजवळ सरकल्या आणि अगदी गंभीरपणे ओवीला म्हणाल्या,

"स्किप नको गं बाळा. सेकंड चेकला पाठव. सोमवारपासून तिथे तुझी मम्मीच बसणार आहे."