झाकणाचे सोळा स्क्रू

लय सुटली होती, आणि सगळ्यांच्या नजरा रुसान्काकडे वळल्या होत्या.

सोफिया शहरातल्या त्या प्रयोगशाळेत अ‍ॅल्युमिनियमची एक पोकळ डबी होती, काडेपेटीहून थोडी मोठी. तिच्यात दोन क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे इवलेसे घटक, बसवलेले. ते एकमेकांना शिवत नसत. मधल्या पोकळीतूनच त्यांचं बोलणं चाले. डबी कल्पनेपलीकडे थंड केली की दोघं एका लयीत येत, आणि ती लय किती टिकते तेच मोजायचं असे. मागच्या महिन्यात चाळीस मायक्रोसेकंद टिकली होती. आता सहासुद्धा नाही. वीस मार्चला परीक्षक येणार होते.

डबीचं झाकण बावीस वर्षं रुसान्काच लावत आली होती. एकोणिसाव्या वर्षी ती रेडिओच्या कारखान्यात लागली. कारखाना बंद पडला, हात तेवढे राहिले. झाकणाच्या कडेला मऊ धातूची तार घालायची आणि सोळा स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. किती, ते तिच्या मनगटाला कळे. पण आता ती साठीला आली होती, आणि हिवाळ्यापासून तिच्या हातातला कॉफीचा कप बशीवर किंचित वाजायचा. तो सगळ्यांनी ऐकला होता.

पीएचडी करणारा ल्युबेन अखेर बोलला. "मावशी, राग मानू नका, पण झाकणाला फट राहिलीय. लय तिथूनच गळतेय."

"माझ्या झाकणातून तुझी अक्कलसुद्धा आत जायची नाही," ती म्हणाली. "आणि ती तर केवढीशी."

दोघं-तिघं हसले. विभागप्रमुख इस्क्रेन हसला नाही. फट निघाली तर पुढचं झाकण ल्युबेन लावेल, एवढंच तो खालच्या आवाजात म्हणाला. झाकण गेलं की आपलं इथे काय उरतं, हे रुसान्काला कुणी सांगायची गरज नव्हती.

इस्क्रेनने एक तोड काढली. दोन्ही क्यूबिट उलट पावलांवर चालवायचे: एक उठेल तेव्हा दुसरा बसेल. मग पोकळीत दोघांचे आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, पोकळीला काही ऐकूच जात नाही. दोष पोकळीचा असेल तर ही जोडी तगेल. जोडीही मोडली, तर पोकळी निर्दोष. दोघांपैकी एकालाच वेगळं कुणीतरी छळतंय.

मोजणी दोन तास चालली. रुसान्का हात कोटाच्या खिशात घालून मागे उभी होती. पडद्यावरची रेघ जरा वर राहिली आणि खाली कोसळली.

"मोडली," ल्युबेन म्हणाला. मग वळला. "झाकण पक्कं आहे, मावशी. चुकलो मी."

तिच्या खांद्यांवरचा भार उतरला, तो क्षणभरच. इस्क्रेन पडद्याकडे बघत पुटपुटत होता. दुसऱ्या क्यूबिटपाशी लोखंड असावं तसं दिसतंय. पण आत लोखंड येईल कुठून?

रुसान्काचा हात आपोआप छातीशी गेला. एक तारखेपासून प्रत्येकाच्या स्वेटरवर लाल-पांढऱ्या धाग्याची मार्तेनित्सा होती; वर्षाचा पहिला करकोचा दिसला की ती झाडाला बांधायची. डबीच्या खोलीत जाताना ती काढून ठेवायची, कारण पिन पोलादी. तिने मोठी काढली होती. नात बिल्यानाने गाठी मारून दिलेली छोटी कॉलरखाली होती, ती राहिली. संध्याकाळी सापडेना, तेव्हा ट्राममध्ये पडली असेल असं तिने धरलं. पोरीला सांगितलं, करकोचा दिसला म्हणून प्लमच्या फांदीला बांधून आले. आजीला वर्षाचा पहिला करकोचा दिसला, हे बिल्यानाने मग इमारतभर सांगितलं.

आत्ताच ती आरोपातून सुटली होती. गप्प राहिली तरी चाललं असतं. तसल्या पिना सगळ्यांकडेच होत्या. पण हे लोक आता तारा तपासत बसणार, आणि वीस तारीख जवळ येणार.

"उघडा," ती म्हणाली. "आत माझी मार्तेनित्सा असेल."

गरम व्हायलाच दोन दिवस गेले. डबीभोवतीचं बाहेरचं कवच काढलं तेव्हा पिन आतल्या बाजूला चिकटलेली होती, दुसऱ्या क्यूबिटच्या बरोब्बर समोर. धागे अगदी जसेच्या तसे.

इस्क्रेनने ती तिच्या तळहातावर ठेवली. "नियम तूच केलास, रुसान्का. पिन आत नेणाऱ्याने महिनाभर झाकणाला हात लावायचा नाही."

"माझाच आहे," ती म्हणाली.

डबी तपासायला उघडली होती; झाकण ल्युबेनने लावायला घेतलं. रुसान्का हात पाठीमागे बांधून शेजारी उभी राहिली. नवव्या स्क्रूवर तो थांबला. त्याचा हात तिच्यापेक्षा जास्त थरथरत होता.

"पुरे, मावशी?"

"पाव फेरा. आणि श्वास सोड, त्याला आत बंद करू नकोस."

चार दिवसांनी रेघ एकेचाळीसवर टिकली. परीक्षक यायला अजून तीन दिवस होते. ल्युबेनने आपली कॉफी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाला की एप्रिलचं झाकण तुमचं, तोवर मी स्क्रू मोजत बसतो.

घरी तिने स्वेटरवर ती छोटी पिन पुन्हा लावली. बिल्याना बघतच राहिली.

"आजी, ही तर झाडाला होती ना?"

"नव्हती. खोटं बोलले मी," रुसान्का म्हणाली. "करकोचा अजून आलेला नाही."